शहात्तर दिवसांचे पाणी

धाकट्या बहिणीने साथरोगांच्या रुग्णालयात चौतीस वर्षे परिचारिकेचे काम केले होते. एवढ्या काळात हात धुतल्यावाचून एकही माणूस तिच्या कक्षाचा उंबरठा ओलांडू शकला नव्हता. मग तो रुग्णाचा बाप असो की रुग्णालयाचा अधीक्षक. ती निवृत्त झाली आणि थोरल्या भावाच्या फुफ्फुसांनी हात टेकले. त्याच्या शुश्रूषेसाठी ती त्याच्या घरी राहायला आली, तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी तिला बजावले, की माझे औषध एखादे वेळी चुकले तरी चालेल, टाकीचा नियम चुकता कामा नये.

दादा वजन-मापांचा निरीक्षक होता. त्याची सारी हयात दुकानादुकानांतले तराजू तपासण्यात गेली होती, आणि तीच काटेकोर दृष्टी त्याने घरी या टाकीवर खर्चिली होती. पलंगासमोर दोनशे लिटरची ती काचेची टाकी होती. तिच्यात तोलून मीठ मिसळलेले पाणी, सच्छिद्र खडक, मंदपणे डुलणारे एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा एक जीव, आणि त्या फुलाच्या आश्रयाने राहणारा, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला चौदा वर्षांचा एक वृद्ध मासा. दोन लहान मासे त्याच्या सोबतीला होते. वृद्धाचे नाव दादाने 'पट्टेवाला' ठेवले होते. कचेरीतले सगळे पट्टेवाले निवृत्त झाले, हा एकटा रोज हजेरी लावतो, असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. आता अंथरुणाला खिळल्यावर दिवसाचे बहुतेक तास तो त्याच्याकडेच बघत पडलेला असे.

नियम साधा होता. नवा मासा आला की त्याने सहा आठवडे घरामागच्या, कपडे धुण्याच्या खोलीतल्या लहान टाकीत राहायचे. त्याची जाळी वेगळी, बादली वेगळी, हात पुसायचे फडकेसुद्धा वेगळे. खाऱ्या पाण्यात एक अतिसूक्ष्म परजीवी असतो. तो माशाच्या कातडीत शिरला की मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उमटतात. काही दिवसांनी तो गळून पडतो, जिथे जागा मिळेल तिथे चिकटून कोश करतो, आणि त्या एका कोशातून शेकडो नवे जीव पोहत बाहेर पडतात. बहिणीला हे सारे समजावून सांगावे लागले नाही. हे तर आमच्या कक्षाचेच शास्त्र, असे म्हणून तिने ते व्रतासारखे स्वीकारले.

आणि तरी चूक झाली ती तिच्याच हातून.

टाकीच्या काचेवर हिरवट शेवाळाचा पापुद्रा धरू लागला होता. दादाला पलंगावरून नीट दिसेना, आणि बहिणीचा दुखरा खांदा तळापर्यंत पोचेना. तेव्हा तिने शेवाळ खाणारी एक समुद्री गोगलगाय विकत आणली. वहिनीने सहज विचारले होते, "वन्सं, हिला नाही का मागे ठेवायचं?"

"वहिनी, ही काय मासा आहे? हिला कुठला आलाय माशांचा रोग!" असे म्हणून तिने गोगलगाय अलगद पाण्यात सोडली होती.

दोन आठवड्यांत काच आरशासारखी झाली. त्या स्वच्छ काचेतूनच एका सकाळी तिला पट्टेवाल्याच्या कल्ल्याजवळ चार पांढरे कण दिसले. गोगलगाईला रोग होत नव्हता हे खरे, पण रोगाचा कोश तिच्या शंखाला चिकटून येऊ शकत होता. पलंगाच्या कडा, दाराच्या मुठी, थर्मामीटर, जे जे रुग्णाच्या वाऱ्याला आले ते ते हयातभर पुसून काढणारी बाई घरातल्या एका शंखाला फसली होती.

तिने दादापासून काही लपवले नाही. पलंगाशी उभी राहून, वरिष्ठांपुढे कबुली द्यावी तसे सगळे सांगितले. त्याने गोगलगाय सोडल्याची तारीख विचारली, आणि तिने ती सांगितल्यावर म्हणाला, "एकदा एक खोटं वजन माझ्या हाताखालून खरं म्हणून शिक्का घेऊन गेलं. तीन वर्षांनी सापडलं. तू दोन आठवड्यांत पकडलंस." श्वास घेण्यासाठी तो थांबला. "लाग कामाला."

काम मोठे होते. या रोगावर तांब्याचे औषध चालते, परंतु समुद्रफुलाला तेच विष. म्हणून तिन्ही मासे मागच्या खोलीत गेले आणि तिथे तीस दिवस, परीक्षानळीतल्या रंगावरून तांब्याचे प्रमाण रोज पडताळून, त्यांच्यावर उपचार झाले. मोठी टाकी मात्र माशांवाचून शहात्तर दिवस तशीच ठेवणे भाग होते. मासा मिळाला नाही की परजीवी उपाशी मरतो. पण शेवटचा कोश फुटेपर्यंत वाट पाहावी लागते. आणि दादाला डॉक्टरांनी दोन महिने सांगितले होते, फार तर अडीच.

हा हिशोब घरात सर्वांना समजत होता. उच्चारत कोणी नव्हते.

दादा रिकाम्या पाण्याकडे बघत पडून राही. समुद्रफूल डुले, गोगलगाय काचेवरून सरके, तेवढीच काय ती हालचाल. त्याचे जेवण निम्म्यावर आले. एकतिसाव्या दिवशी मासे पूर्ण बरे झालेले पाहून वहिनीचा धीर सुटला.

"ते ठणठणीत आहेत ना आता? मग सोडा हो परत. यांचे डोळे कुठे लागलेत ते तुम्हाला दिसत नाही का?"

"वहिनी, आता मासे चांगले आहेत, ही टाकीच आजारी आहे. सोडले तर पुन्हा लागण होईल."

"पंधरा दिवसांनी होईल ना? तोवर तरी बघतील."

लहान टाकीच इथे आणून ठेवावी, असेही बहिणीच्या मनात येऊन गेले होते; पण पंपाच्या बुडबुड्यांचे तुषार दूरवर उडतात, आणि या चिंचोळ्या खोलीत दोन टाक्यांमध्ये चार हातांचेही अंतर राहत नव्हते. आपल्या चुकीपायी दादाचे शेवटचे दिवस रिकाम्या काचेसमोर सरणार, या विचाराने तिचा निश्चय डळमळला. होऊ दे लागण, असे शब्द तिच्या ओठांवर आले.

"मासे हलवू नका," दादा पलंगावरून म्हणाला. दोघी वळल्या. "मला हलवा."

"अहो, तिथे? त्या कपड्यांच्या यंत्राशेजारी?"

"यंत्र बंद ठेव. वीस वर्षं त्याच्या आवाजात तुला माझं बोलणं ऐकू आलेलं नाही."

त्याने मोजपट्टी मागवली. पलंग नव्वद सेंटिमीटर रुंद, मागच्या खोलीचे दार बहात्तर. शेजारचा सुतार पलंग खोलून आत जोडायला आला. माशाच्या भेटीसाठी पलंग खोलताना मी पहिल्यांदाच पाहतोय, असे तो म्हणाला, आणि मग दादाचा चेहरा पाहून कामाला लागला. खोली अरुंद होती, भिंतींना साबणाचा वास होता, खिडकी हातभर. परंतु उशीपासून दीड हातावर लहान टाकी होती. तिच्यात खडक नव्हता, फूल नव्हते, आडोशाला नळीचा एक तुकडा. पट्टेवाला त्यातून बाहेर आला आणि काचेपाशी उभा राहिला. त्या दिवशी दादा पोटभर जेवला.

तिथे त्याला तीस दिवस मिळाले. खाणे घालायचे काम वहिनीने स्वतःकडे घेतले. ती एकेक दाणा पाण्यात सोडी आणि दादा बोटाने पुरे किंवा आणखी सांगे. बहीण भिंतीवर दिवसांची रेघ ओढी. एकसष्टाव्या दिवशी सकाळी पाचवा दाणा बोटावर घेऊन वहिनीने विचारले, "आणखी घालू का हो?" उत्तर आले नाही म्हणून तिने मागे वळून पाहिले.

दादाला निरोप देऊन माणसे परतली, तेव्हा दिवस कलला होता. वहिनीचा भाऊ काही मदत करावी म्हणून मागच्या खोलीत आला. ही खोली आता आवरून टाकू, त्याने सुचवले. पलंग खोलू, मासे त्यांच्या जागी सोडू, पंधरवड्याने असा काय फरक पडतो. बहिणीने होकारार्थी मान डोलावली. तिच्यात वाद घालायचे त्राण उरले नव्हते. आयुष्यात प्रथमच तिला कोणताही नियम पाळावासा वाटत नव्हता. तिने जाळीकडे हात नेला.

वहिनीने तिचे मनगट धरले. "वन्सं, पंधरा दिवस राहिलेत."

"आता कोणासाठी, वहिनी?"

"एकसष्ट त्यांनी काढले," वहिनी म्हणाली. "उरलेले आपण काढू. पलंग राहू दे इथेच."

भाऊ बाहेर गेला. दोघी पलंगाच्या कडेवर शेजारी शेजारी बसल्या. पट्टेवाला काचेपाशी येऊन उभा होता. सकाळचे त्याचे खाणे अर्धेच राहिले होते. वहिनीने डबी उघडली.