मेजरची दाढ

"पडला! त्यो बघा, अजून एक पडला!"

आमच्या अंगणात माणसांचं कडं झालं होतं. मधोमध मेजर आडवा. दोघांनी त्याचे पाय दाबून धरलेले, मान माझ्या मांडीवर. समोर पाण्याची परात, परातीत वीट आणि विटेवर तापून लाल झालेला नांगराचा फाळ. त्यावर आकाराम महाराज चिमटीनं दाणे टाकत होता, वरून तेलाचे थेंब सोडत होता. धूर उठला की त्यावर करवंटी धरायचा आणि तिच्या भोकातून तो मेजरच्या जबड्यात सोडायचा. कुत्रं ठसकत होतं. परातीतल्या पाण्यावर बारीक, पांढरे, वळलेले किडे तरंगत होते.

"दाढ न्हाई ही, माऊली, म्हसनातली वाट हाय," महाराज गर्जला. "मोठमोठ्या डाक्टरांनी हात टेकलं. एक्स-रेत किडा दिसंना. दिसंल कसा? फोटू काढताना किडा हालतो!"

लोक हसले नाहीत. त्यांनी हात जोडले.

मेजर हा माझ्या सासऱ्यांचा कुत्रा. नाथाजी आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. "नोकरीत मेजरचं ऐकलं, आता मेजर माझं ऐकतो," म्हणून हे नाव. माण तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर निम्मी घरं फौजेत आणि निम्मी मुंबईत, त्यामुळे राखणीला कुत्रं लागतंच. माझे पती वीरधवल सीमेवर असतात. मी कोरेगावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि सुट्टीत वस्तीवर येते. या खेपेला आले तेव्हा मेजर भाकरी तोंडातून खाली टाकत होता. एकाच बाजूनं चावायचा, तोंडाला घाण वास यायचा आणि उजव्या डोळ्याखाली लिंबाएवढी सूज होती. दहिवडीच्या डॉक्टरांकडे नेऊ, असं मी म्हणेपर्यंत सासूबाईंनी, म्हणजे साळूबाई आत्यांनी, महाराजाला बोलावणं धाडलं होतं.

"कुनाचं घर राखतो ह्यो?" महाराजानं विचारलं.

"माझ्या लेकाचं," साळूबाई आत्या म्हणाल्या. "बॉर्डरवर हाय त्यो."

एवढं पुरे होतं. महाराजानं डोळे मिटले.

"मग करनीचा वार लेकावर व्हता. ह्या मुक्या जिवानं त्यो तोंडात झेललाय. माऊली, तिसऱ्या आवसंपतूर ह्या तोंडाला लोखंड लागता कामा न्हाई. सुई न्हाई, चिमटा न्हाई. लोखंड लागलं की अडवलेला वार सुटंल. कुठं जाईल, त्ये माझ्या तोंडानं वदवू नका."

"अन ह्यो फाळ काय लाकडाचा हाय व्हय?" आबा कडेनं पुटपुटले.

"त्यो मंत्रलेला हाय!"

महाराजानं मेजरच्या जबड्याला काळा दोरा गुंडाळला. पेज चाटता येईल इतकाच ढिला. मेजरनं माझ्याकडे पाहिलं आणि शेपूट जमिनीवर एकदा आपटली.

माणसं पांगल्यावर मी परात घेऊन बसले. विटेशेजारी न जळलेले दोन-तीन दाणे सापडले, चपटे आणि पिवळसर. ते मी ओळखले. आमच्या बांधावर काटेरी झुडूप पसरतं, त्याला गोटीएवढी पिवळी फळं लागतात. भुईरिंगणी. फळं आणली, बी काढून वाळवलं आणि आत्या मळ्यात गेल्या असताना चुलीवर तवा तापवला. दाणे टाकले, तेल सोडलं, खाली ताटात पाणी. बी तडतडलं आणि पाण्यात किडे पडले.

भिंगाखाली धरले. तोंड नाही, अंगावर वळ्या नाहीत, पाय नाहीत. रिंगणीच्या बीच्या पोटात अंकुर वेटोळं घालून बसलेला असतो. उष्णतेनं टरफल फुटतं आणि तो बाहेर उडतो. दाढेचा संबंधच नव्हता.

आत्या आल्यावर मी सगळं पुन्हा करून दाखवलं. कुणाचं तोंड नाही, कुत्रा नाही, तरी किडे. त्या ताटाकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"आगं बया! म्हंजे घरातच शिरल्याती की! चुलीपतूर आली करनी."

 मी पुरावा समोर ठेवला आणि त्यानं दार आणखी घट्ट लागलं.

खरं सांगायचं तर मीही त्याच दाराच्या आत होते. दोरा कापायला मला एक क्षण पुरला असता. कात्री हातातही घेतली होती. पण वीरधवल तेव्हा फोन लागत नाही अशा चौकीवर होते. दोरा कापला आणि तिकडे काही बरंवाईट झालं, तर? दोन्हींचा काही संबंध नाही हे मला ठाऊक होतं. पण या घरात पुढची सगळी वर्षं 'हिनं दोरा कापला' एवढंच उरलं असतं. विश्वास न ठेवणाऱ्यालाही बांधून टाकणारी ती गाठ होती. मी कात्री परत ठेवली.

मी दहिवडीच्या जनावरांच्या डॉक्टर दीपमाला यांना फोनवर लक्षणं सांगितली.

"वरच्या जबड्यातली मोठी दाढ," त्या म्हणाल्या. "तिची मुळं डोळ्याच्या खालपर्यंत जातात. दाढ तडकली की मुळाशी पू होतो आणि सूज डोळ्याखाली दिसते. लोकांना वाटतं डोळ्यालाच काही झालंय. कठीण काही चावलंय का त्यानं?"

मी आबांकडे पाहिलं. आबांनी मान खाली घातली. जत्रेच्या मटणातलं नळीचं हाड त्यांनी मेजरला दिलं होतं. आमच्याकडे नळी मानाच्या पाहुण्याला वाढतात.

"लवकर आणा," डॉक्टर म्हणाल्या. "पू पसरला तर डोळा जाईल. कदाचित जीवही."

दोन दिवसांत सूज फुटली आणि गालावरून पू ओघळू लागला. मेजर पेजही चाटेना. "वार बाहेर पडतोय," आत्या म्हणाल्या आणि पदरानं तो पुसत राहिल्या. पुसताना त्या रडत होत्या. त्यांचं त्या कुत्र्यावर प्रेम नव्हतं असं नाही. त्यांना एका जिवाच्या बदल्यात दुसरा राखायचा होता.

बाजाराच्या दिवशी महाराज पुन्हा वस्तीवर आला. देवळापुढे माणसं जमली. आदल्या संध्याकाळी मी आबांना बिया, अंकुर आणि तवा सगळं समजावून दिलं होतं. ते ऐकून झोपायला गेले होते. आता मात्र गालाला उपरणं लावून कण्हत पुढे झाले.

"महाराज, माझी बी दाढ लय ठणकतीया. डोळा लागत न्हाई."

"आ करा, बाबा."

आबांनी आ केला. आमच्या वस्तीवरची म्हातारी माणसं एकमेकांकडे बघू लागली.  महाराज सांगली बाजूचा, त्याला कसं माहीत असणार?

महाराजानं आत डोकावून चुकचुकाट केला. "आरारारा! मागची दाढ मुळापासनं पोखारलीया. मुळाशी किड्यांचं वारूळ हाय. बरं झालं आलासा. चार दिवसांनी मेंदूत गेलं असतं."

"मुळाशी?"

"मुळाशी, बाबा! मला मूळ दिसतंय. तुमाला न्हाई दिसायचं."

फाळ तापला. दाणे पडले. आबांच्या डोक्यावर उपरणं टाकून धुरी झाली. ते खोकून बेजार. परातीत पांढरे किडे तरंगले आणि पोरासोरांनी माना पुढे काढल्या.

"मोजा!" महाराज म्हणाला. "मोजा आन सांगा, कुठल्या डाक्टरानं एवढं काढलं असतं!"

आबांनी उपरणं बाजूला केलं. तोंडात बोट घातलं, वरची कवळी काढली, मग खालची, आणि दोन्ही परातीच्या काठावर ठेवल्या.

"ह्यातली कंची दाढ, महाराज?" ते बोळक्या तोंडानं म्हणाले. "बगून सांगा. अन मूळ बी दावा."

 मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं देऊळ हसायला लागलं.

"करनी... कवळीत बी..." महाराज सुरू झाला.

"पलास्टिक हाय ते, गड्या!" एक म्हातारा ओरडला. "पलास्टिक खातो व्हय तुजा किडा?"

मी फाळाजवळ गेले. पिशवीतल्या माझ्या बिया त्यावर टाकल्या. मंत्र नाही, तोंड नाही, करवंटी नाही. किडे पडले. भिंग पहिल्यांदा त्याच म्हाताऱ्याच्या हातात दिलं आणि अंकुर म्हणजे काय ते सांगितलं. शेतकऱ्यांना ते दोन वाक्यांत कळलं. मोड त्यांनी आयुष्यभर पाहिलेत.

पण मी आत्यांकडे बघत होते. त्या हसत नव्हत्या. ती कवळी रोज त्याच धुतात आणि पेल्यात ठेवतात. तिच्या मागच्या दाढेला मूळ नाही, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं.

त्या महाराजासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"नसलेलं मूळ तुला दिसलं," त्या हळू म्हणाल्या. "मग माझ्या लेकावरचा वार बी तुला तसाच दिसला व्हय रं?"

महाराज मागं सरकला. त्यानं झोळी आवरायला घेतली, पण पोरांनी त्याला पारावर बसवून ठेवलं. पुढे तक्रार झाली. तो भाग पोलिसांचा.

आत्या मागं न बघता घरी आल्या. मेजर गोठ्याच्या सावलीत पडला होता. त्यांनी कमरेची चंची सोडली, सुपारीचा अडकित्ता काढला. लोखंडाचा, माहेराहून आलेला. पातं दोऱ्याखाली घातलं आणि थांबल्या. मी पुढं झाले.

"नगं," त्या म्हणाल्या. "म्याच बांधू दिला. म्याच कापनार."

दोरा तुटला. मेजरनं जबडा उघडला आणि जांभई दिली.

त्याच दुपारी दहिवडीला भूल देऊन दाढ काढली. उभी तडकलेली, मुळाशी पू. डॉक्टरांनी ती आत्यांच्या तळहातावर ठेवली. आत्यांनी ती उलटसुलट करून बघितली. किडा नव्हता. डोळा वाचला.

वाचकहो, कुत्र्याला बोलता येत नाही. त्याच्या तोंडाला वास आला, लाळ गळू लागली, घास खाली पडू लागला किंवा डोळ्याखाली सूज आली, तर ती करणी नाही, दुखणं आहे. शिजवलेलं हाड देऊ नका आणि आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा: रोग नसलेल्या जागी हाच प्रयोग केला, तर काय होईल?

पुढच्या आठवड्यात वीरधवल यांचा फोन आला. सुखरूप होते. शेजारीण म्हणाली, "बगा, काय सुदीक झालं न्हाई!"  फोन आला म्हणून दोरा खोटा ठरत नाही. तो आला नसता तरी दोरा खरा ठरला नसता. हे कसं सांगावं, याचा मी विचार करत होते.

आत्या मेजरला दूधभात कालवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आन झालं असतं, तर म्या रडले असते. जलमभर रडले असते. पर मेजरच्या दाढंला बोल लावला नसता."