पान नंबर सांगा

अनुजाला निबंधात दहापैकी चार गुण पडले हे कळल्यावर तळपायाची आग मस्तकात गेली ती माझी. ती बिचारी माझ्या राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर मांडी घालून बसली होती. मी मात्र स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आणि हॉलमधून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत तिला शिकवणाऱ्या त्या डच बाईंचा उद्धार करत होते.

अनुजा माझ्या भावाची, कृष्णातदादाची मुलगी. दादा कोडोलीला असतो. शेती आहे, म्हशी आहेत, शिवाय गावातल्या एका दूध संस्थेचा तो चेअरमन आहे. बारावीनंतर अनुजा शिकायला माझ्याकडे कोल्हापुरात आली. मी इथल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, म्हणजे पोरीला वर्गातही मीच होते आणि घरातही मीच. तिचे हाल काय झाले असतील ते तिलाच ठाऊक, पण पदवीला ती पहिली आली. मग शिष्यवृत्ती मिळवून दोन वर्षांच्या शिक्षणासाठी नेदरलँड्सला गेली. पहिलं वर्ष संपवून जुलैत सुट्टीवर आली ती ही बातमी घेऊन. एका विषयाच्या निबंधात नापास. ऑगस्टच्या मध्यापर्यंत तोच निबंध पुन्हा लिहून पाठवायचा आणि तोही नापास झाला तर पुढच्या वर्षाची शिष्यवृत्ती बंद. शिष्यवृत्तीशिवाय तिकडे राहणं आमच्या घराला झेपणारं नव्हतं, त्यामुळे शिक्षणच बंद.

"आण तो निबंध इकडं," मी म्हटलं.

लॅपटॉपवर वाचला. इतका सुरेख निबंध! सुरुवातीला सहकाराची व्याख्या, मग इतिहास, मग महत्त्व, प्रत्येक मुद्द्याला वेगळं शीर्षक, मधूनमधून थोरामोठ्यांची वचनं आणि शेवटी 'थोडक्यात'. भाषा इंग्रजी होती, पण घाट माझ्या नोट्सचा. आमच्या परीक्षेत हा पेपर माझ्यासमोर आला असता तर मी डोळे झाकून पहिला वर्ग दिला असता. आणि खाली त्या बाईंनी दोनच वाक्यं लिहिली होती. तू दहा पानं माझ्याशी सहमत झाली आहेस, ते का? आणि या निबंधात तू कुठे आहेस?

"निबंधात आपण कशाला असायचं?" मी भडकले. "निबंध म्हणजे काय आपला फोटो हाय?"

अनुजानं मग नीट सांगितलं. वर्षभर वाचायला दिलेल्या लेखांपैकी एक निवडायचा आणि त्यातलं म्हणणं तपासून बघायचं, असं काम होतं. तिनं बाईंचाच लेख निवडला. मीही तेच सांगितलं असतं. बाईंचा लेख यादीत असताना दुसऱ्या कुणाचा घेतला तर बाईंना काय वाटेल? आपल्याकडे पेपर काढणाऱ्या सरांचं पुस्तक असेल तर पोरं दुसऱ्या पुस्तकाला हात लावत नाहीत, आणि त्यात काही चुकतं असं कुणाला वाटत नाही.

"तिकडं सगळ्यांचीच अशी गत हाय का तुझी एकटीचीच?"

"बऱ्याच जणांची हाय की," ती जरा हसली. तिच्या शेजारच्या खोलीतल्या चिनी मुलीनं मोठ्या माणसाचं वाक्य बदलणं उद्धटपणाचं म्हणून ते जसंच्या तसं उतरवलं, तर तिला चोरी केल्याबद्दल बोलावणं आलं. एक इटालियन मुलगा. त्याच्या आधीच्या परीक्षा बहुतेक तोंडीच झालेल्या, त्यामुळे तो दोन तास बोलतो आणि दोन पानं लिहायची म्हटली की घाम पुसतो. "आणि ती डच पोरं, आत्ती, पैल्याच ओळीत लिवत्यात की बाई चुकल्यात. लेख अर्धाच वाचलेला असतोय. आणि आठ पडत्यात त्यास्नी!"

"आणि बाईंच्या लेखात हाय तरी काय?"

बाईंच्या लेखात असं होतं की भारतातल्या छोट्या सहकारी संस्थांमध्ये लहान सभासदाला आवाज नसतो. त्यांनी गावोगावच्या संस्थांच्या वार्षिक सभांची इतिवृत्तं भाषांतर करवून घेऊन वाचली होती. जिथं बघावं तिथं प्रत्येक ठरावापुढे 'सर्वानुमते मंजूर'. म्हणजे कुणी काही बोलतच नाही, सभा हा निव्वळ उपचार.

"हे तुला पटलं?"

"न्हाय की! पैल्यांदा वाचलं तवाच मनात आलं, ह्या बाई कधी सभंला गेल्यात का?"

"मग लिहिलं का न्हाईस?"

अनुजानं लॅपटॉप मिटला. "परीक्षकाशी वाद घालायचा नसतोय, हे मला कुणी शिकवलं, आत्ती?"

मी गॅसवरचं दूध बघायला आत गेले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मी मदत करायची म्हणून आणखी चार थोरांची वचनं काढून दिली, ती तिनं ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुसून टाकली. 'बाईंचं म्हणणं चूक आहे' असं लिहायची आणि लगेच खोडायची. चूक आहे म्हणायचं तर पुरावा कुठाय? लहानपणी बापाचं बोट धरून सभेला गेले होते, असं लिहायचं का? एका संध्याकाळी ती बँकेच्या भरतीची जाहिरात वाचताना दिसली. ही पोरगी हातपाय गाळणारी नव्हे. पण मी तरी काय सांगणार? मला जे येत होतं ते सगळं तिला आधीच शिकवून झालं होतं.

तेवढ्यात दादाचा फोन आला. "क्रांते, रविवारी संस्थेची सभा हाय. पोरीला घिऊन ये. वाचून वाचून डोळं खोल गेल्यात तिचं."

सभा गावातल्या मंगल कार्यालयात होती. पुढं गाद्या, मागं खुर्च्या, स्टेजवर दादा फेटा बांधून बसलेला. आम्ही दोघी मागच्या रांगेत, वहिनीशेजारी बसलो. संस्थेचा सचिव तोहिद याने विषय वाचायला सुरुवात केली. विषय क्रमांक एक, मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे. पुढच्या दोन रांगांतली दादाची माणसं विषय पुरता ऐकायच्या आधीच ओरडली, "मंजूर! मंजूर!" विषय दोन, मंजूर. विषय तीन, मंजूर. तोहिद श्वास घेत नव्हता आणि पुढच्या रांगा त्याला घेऊ देत नव्हत्या.

अनुजा माझ्या कानाशी पुटपुटली, "बाईंचंच बरोबर हाय, आत्ती."

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक म्हातारी उठली. बायडाबाई. एक म्हैस, रोज लोकांच्या शेतात मजुरी. "चेअरमनसाहेब, माझा प्रश्न हाय."

"विचारा की मावशी," दादा म्हणाला, "पण आधी पान नंबर सांगा."

ही आमच्याकडच्या सभांची जुनी खोड. अहवाल छापून घरोघर जातो, आणि प्रश्न विचारणाऱ्यानं तो कुठल्या पानावरच्या कुठल्या ओळीवर आहे ते सांगायचं. नाही सांगता आलं की पुढच्या रांगा हसतात आणि माणूस खाली बसतो. पण बायडाबाईंनी अहवालाचं पान दुमडूनच आणलं होतं.

"पान नंबर नऊ. 'सभासदांच्या सोयीसाठी सांजचं दूध घ्यायची वेळ अर्ध्या तासानं अलीकडं आणली.' कुठल्या सभासदाच्या सोयीसाठी? आमी रानातनं येस्तोवर तुमचं शटर खाली! पोरांनी दूध प्यायचं का वतायचं?"

"मंजूर! मंजूर!" पुढच्या रांगा.

"नामंजूर!" मागून एक बाई ओरडली. मग दुसरी. मग विरोधी गटाचा अमरसिंह उठला, मग त्याला खाली बसवायला दादाचे चौघे उठले, आणि मग कोण काय बोलतंय ते देवालाही कळलं नसतं. माईक दोनदा हिसकावला गेला. आणि माझी वहिनी, चेअरमनची सख्खी बायको, पदर खोचून उभी राहिली आणि नवऱ्याकडे बोट करून म्हणाली, "बायडाक्का बरोबर बोलत्यात. म्या घरात चारदा सांगितलंय ह्यास्नी!" सगळं कार्यालय हसलं. दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. जेवणं थंड होत चालली तेव्हा कुठे त्यानं हात वर करून सांगितलं, "बरं बाबांनो, पैल्यासारखीच वेळ ऱ्हाईल. जेवा आता."

पंगतीला बसायच्या आधी अनुजा दिसेना. शोधलं तर स्टेजमागे तोहिदच्या शेजारी उभी. तो इतिवृत्त लिहीत होता आणि ही खांद्यावरून वाचत होती. मीही वाकून बघितलं. 'विषय क्र. ७. दूध संकलनाच्या वेळेबाबत सविस्तर चर्चा होऊन पूर्वीची वेळ कायम ठेवण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर.'

"तोहिदभाई," अनुजा म्हणाली, "एवढं भांडण झालं, ते कुठं हाय ह्यात?"

"भांडान कशाला लिवायचं?" तोहिदनं आश्चर्यानं मान वर केली. "तपासणीला साहेब येत्यात, त्येनी वाचायचं व्हय हे? मिटलं न्हवं? मिटलं की सर्वानुमते."

अनुजानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "आत्ती, बाईंनी हेच वाचलं. ह्येच! त्यास्नी भांडणं दिसलीच न्हाईत." मग म्हणाली, "आणि माझा निबंध पण असलाच की गं. मनात एवढं भांडली मी बाईंशी, आणि कागदावर सर्वानुमते मंजूर."

ती पंगतीला बसली, पण जेवणाकडे तिचं लक्ष नव्हतं. कोल्हापूरला येईपर्यंत एस.टी.त ती बोलत होती आणि पुढच्या सीटवरचे पावणे वळून वळून बघत होते.

त्या आठवड्यात तिनं निबंध लिहिला. तोहिदकडून जुनी इतिवृत्तं मागवली, त्या त्या सभेला हजर असलेल्या बायकांना फोन करून काय घडलं होतं ते विचारलं आणि दोन्ही शेजारी शेजारी मांडलं. बाईंचा प्रत्येक मुद्दा पान नंबरासकट. मला वाचायला दिला तेव्हा पहिलंच वाक्य असं होतं की, या लेखाच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही.

"अगं, जरा नरमाईनं," मी म्हटलं. "'माझ्या अल्पमतीनुसार' तरी घाल."

"न्हाय."

"आणि हे काय? 'मी त्या सभेत मागच्या रांगेत, माझ्या आईशेजारी बसले होते. आई माझ्या वडिलांच्या विरोधात उभी राहिली.' काढ हे आधी. अर्थशास्त्राच्या निबंधात आईबाप?"

"आत्ती, लहान सभासदाला आवाज असतोय ह्याचा माझ्याकडं असलेला सगळ्यात पक्का पुरावा हाय त्यो. मी तिथं व्हते. का काढू, सांग. कारण सांग."

इतक्या वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा अशी बोलली. मला राग आला, आणि खरं सांगते, त्याहून जास्त बरं वाटलं. वाक्य तसंच राहिलं.

निकाल यायचा होता त्या दिवशी दादा आणि वहिनी कोडोलीहून आले होते. हॉलमध्ये अनुजाची बॅग अर्धी भरून उघडी पडली होती. पुरी भरायला कुणाचा हात होत नव्हता आणि रिकामी करायलाही. वहिनी उगाच चटणीच्या पुड्या बांधत होती आणि सोडत होती. दुपारी फोन वाजला. अनुजानं वाचलं, पुन्हा वाचलं आणि खाली बसली.

"पास," ती म्हणाली. "सात पडल्यात."

वहिनीनं तोंडाला पदर लावला. दादानं विचारलं, "आणि बाई काय म्हणत्यात?"

अनुजा एकेक वाक्य मराठीत करून सांगू लागली. तुझ्या पाचव्या मुद्द्याशी मी अजूनही सहमत नाही. एका संस्थेच्या सभांवरून सगळ्या देशाबद्दल बोलता येत नाही. पण मी सभेला कधीच गेले नव्हते, हे तू मला दाखवून दिलंस. सप्टेंबरात ये, आपण समोरासमोर भांडू.

"मानूस सरळ हाय की!" दादा खूश झाला. मग सभेतल्यासारखा हात वर करून म्हणाला, "मग काय, विषय मंजूर?"

"मंजूर!" वहिनी ओरडली.

"नामंजूर!" मी म्हणाले. जरा जास्तच मोठ्यानं. "सात? आठाच्या खाली एक गुण घेणार न्हाय. लिहून कळव त्या बाईंना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अनुजानं डोळे पुसले, निबंधाची छापील प्रत टेबलावरून उचलून माझ्यापुढे धरली आणि बापाच्या आवाजात म्हणाली, "विचारा की आत्ती. पण आधी पान नंबर सांगा."

मी चष्मा लावला. शोधावं लागलं नाही.

"पान नंबर चार," मी म्हणाले. "मागच्या रांगेतलं वाक्य."