पहिला घास महामायाबाईंचा

"पोट आत नको ओढू मम्मी, चीटिंग होते."

"ओढून नाही राह्यली मी. तू टेप लाव लवकर."

शनिवारी शाळेच्या खिचडीघरात, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मम्मीच्या पोटाभोवती मी शिलाईचा टेप गुंडाळला. शाहजादी खालाने दारात दुपट्टा पसरून आडोसा धरला होता. बाहेर ऐंशी पोरांनी ताटं वाजवायला सुरुवात केली होती.

"साडेसदतीस."

"सबेरे कितना था?" खालाने मान न वळवता विचारलं.

"साडेएकोणतीस."

पहाटेपासून मम्मीच्या पोटात अर्धा कप कोरा चहा गेला होता. अर्ध्या कपाचे आठ इंच होत नाहीत, एवढं गणित मला येतं. मी नववीत आहे आणि मागच्या महिन्यात संग्रामपूरला तालुक्याच्या वक्तृत्वात पहिली आले, तेव्हापासून माझी भीड अशी चेपलीय की मी डॉक्टरांनाही प्रश्न विचारते. विचारलेच होते. "टेपनं मोजू का?" म्हटल्यावर अकोल्याच्या डॉक्टर मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "मोज. दिवसातून तीनदा. लिहून ठेव." मग काय, विज्ञानाच्या वहीची मागची सगळी पानं मम्मीच्या पोटाने भरली.

आता नीट सांगते. माझी मम्मी महामाया आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत सहा वर्षांपासून खिचडी शिजवते. जोडीला शाहजादी खाला. पप्पा नांदुऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये आहेत, पंधरा दिवसांनी येतात. दहावीच्या पेपरांमुळे आम्हां नववीवाल्यांना सुट्टी होती, म्हणून मी रोज मम्मीसोबत शाळेत. उन्हामुळे सकाळची शाळा सुरू झालेली, खिचडी बरोबर दहाला.

दिवाळीपासून मम्मीच्या पोटात काहीतरी आहे. काय ते कुणालाच माहीत नाही. सकाळी पोट पाठीला लागलेलं. दहाच्या सुमारास ते वर यायला लागतं आणि दुपारी बघावं तर बाई नवव्या महिन्यातली. संध्याकाळी ओकारी, मग हळूहळू सपाट. हात-पाय मात्र काड्या झालेत, बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. पाण्याच्या पंपावर बायका विचारतात, "महामाया, कितवा?" विहारातली एक म्हातारी तर हसून म्हणाली, "नावच तसं हाय बाई तुहं. शिरला असन पांढरा हत्ती पोटात." सगळ्या हसल्या, मम्मीही हसली. घरी येऊन तिने भिंतीवरच्या विहाराच्या कॅलेंडरमधला, महामायेच्या स्वप्नात येणारा तो हत्ती बराच वेळ पाहिला, मग कॅलेंडर उलटं करून टांगलं.

सोनोग्राफी दोनदा झाली. ती सकाळी उपाशीपोटी करतात, तेव्हा पोट सपाट! आत काहीच नाही. नळी घालून कॅमेऱ्याने पाहिलं, तरी काही नाही. शेवटी आतून चिमूटभर तुकडा काढून तपासायला पाठवला. "म्हणजे काहीच नाही ना?" मी विचारलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "काही नाही असं नाही. सापडलं नाही, एवढंच." त्या गोष्टीला बारा दिवस झाले होते. रिपोर्ट यायचा होता.

घरी बसून वाट पाहता आली असती. पण मम्मीला बसता येत नव्हतं, आणि त्याचं कारण पहिला घास.

नियम असा की मुलांच्या आधी शिजवणारीने आणि मुख्याध्यापिका मॅडमने चव घ्यायची, वहीत सही करायची. सगळीकडे चमचाभर जिभेला लावतात आणि झालं. मम्मी कामाला लागली तेव्हा निम्मी पोरं घरून डबा आणायची. का, ते कुणी बोलत नसे. आमच्या गावात असलं बोलत नाहीत, नुसता डबा देतात. तेव्हा मम्मीने काय करावं? ताट भरून घेतलं, पोरांच्या समोर मांडी घातली, मोठा घास खाल्ला आणि म्हणाली, "मी बसली इथंच. मले काही झालं का? नाही न? मंग खा." असं रोज. डबे सुटायला तीन वर्षं लागली. सर्वांत शेवटी सुटला तो शाळा समितीचे अध्यक्ष नारायणराव यांच्या नातीचा, योगिनीचा. आता ती चौथीत आहे. आता मम्मीचा गळा हलल्याशिवाय एक पोरगं ताटाला बोट लावत नाही. समोर खीर ठेवा, तरी नाही.

आणि हा महिना रमजानचा. खालाचा रोजा. ती जिभेला मीठ लावून थुंकू शकते, पण गिळू शकत नाही.

थोडक्यात, शिजवणाऱ्या दोघींत गिळणारी एकच, आणि तिच्याच पोटात ते.

आता घास गिळला की पोट फाटल्यासारखं दुखायचं, म्हणून पंधरा दिवस मम्मीने काय केलं ते मला आणि खालाला माहीत होतं. घास तोंडात घ्यायचा, गालात धरायचा, गळा खोटाच हलवायचा आणि पोरं जेवायला लागली की खिचडीघराच्या मागे जाऊन थुंकायचा. तिथे रोज कावळे असायचे. मी एकदा पाहिलं, मम्मीने टाकलेल्या घासाभोवती ते गोल उभे होते, माना वाकड्या करून. एकानेही चोच लावली नाही.

मला भीती वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगते. म्हणून रविवारी प्रयोग केला.

माझं म्हणणं असं होतं की हे सगळं मम्मीच्या डोक्यात आहे. दहा वाजले, शाळेची घंटा झाली की तिला घासाची धास्ती बसते आणि पोट फुगतं. मग घंटाच नसेल तर? रविवारी मी भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला, दार-खिडकी लावून घेतली, टिनाच्या फटींत फडकी कोंबली आणि फोन माझ्याजवळ ठेवला. मम्मीला चटईवर झोपवलं. पोटात फक्त पाणी.

"काय करून राह्यली वो बाप्पा ही पोट्टी," ती म्हणाली आणि खरंच तिचा डोळा लागला.

अंधारात मी तिच्या पोटावर तळवा ठेवून बसले. पोट कसं, रिकाम्या पिशवीसारखं. किती वेळ गेला कळलं नाही. मग खोलवरून आवाज आला. गुडगुड नव्हे. विहिरीच्या तळाशी कुणी बोलावं आणि शब्द वर येईपर्यंत पुसून जावेत, तसा. आणि माझ्या तळव्याखाली पोट वर आलं. हळूहळू नाही. आतून कुणी आपला तळवा माझ्या तळव्याला लावावा, तसं.

मी हात काढला. फोन पाहिला. दहा वाजून दोन मिनिटं.

"वाजले न दहा?" मम्मी डोळे मिटूनच म्हणाली.

डॉक्टर म्हणतात गॅस. असेलही. पण त्या दिवसापासून दहाला माझंही पोट आवळतं. हे मी वहीत लिहिलं नाही.

सोमवारी व्हायचं ते झालं. पोरं रांगेत बसली, प्रार्थना झाली. प्रार्थनेनंतर सगळे गप्प होतात आणि मम्मीकडे बघतात. ती समोर मांडी घालून बसलेली, पोट मांडीवर टेकलेलं. तिने घास तोंडात घेतला. आणि त्या शांततेत तो आवाज आला. लांब. मागच्या रांगेपर्यंत गेला असणार, कारण मागची पोरं उठून बघायला लागली.

"काकू," पहिलीतला एक जण म्हणाला, "तुमचं पोट बोलून राह्यलं."

कुणी हसलं नाही. पोरं हसली असती तर बरं झालं असतं. मम्मी घाबरली, तिला ठसका लागला आणि गालातला घास सगळ्यांसमोर ताटात पडला.

त्या दिवशी एकानेही खाल्लं नाही. ऐंशी ताटं भरलेली, वाफ निघतेय आणि ऐंशी पोरं मांडीवर हात ठेवून. योगिनी उठली, तिने ताट उचलून नळाशी नेऊन ठेवलं. मागोमाग सगळी.

दुपारी मंजुश्री मॅडम आमच्या घरी आल्या. मुख्याध्यापिका आहेत, चांगल्या आहेत. सोबत नारायणराव. ते दारातच उभे राहिले.

"बाई, कोनी काही म्हणून नाही राह्यलं," ते म्हणाले. "पन काय बिमारी हाय ते समजेस्तोवर... लेकरायचा प्रश्न हाय."

"लागण होणारं नाही ते काका," मी म्हटलं. "डॉक्टरांनी लिहून दिलंय. दाखवू?"

"मंग हाय काय ते?"

तालुक्यात पहिली आलेली मी विज्ञानाच्या वहीची मागची पानं उलटत राहिले.

मॅडम खाली बघत म्हणाल्या, "महामायाबाई, उद्याही मुलं जेवली नाहीत तर मला वर कळवावं लागेल. मग दुसरी बाई नेमतील."

"पगार सहा महिने उशिरानं येते," ते गेल्यावर मम्मी म्हणाली. "त्याचं नाही वाटत मले. पन हे पोट्टे पुन्हा डबे आनतीन गं. आता एकदा आनले की मंग नाही सुटत."

मंगळवारी नारायणराव शाळेच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. खालाने खिचडी उतरवली आणि मम्मीचं मनगट धरलं.

"मैं खाती आज. एक रोजा मी मंग ठेवून घेईन. अल्ला समजतो."

"नको खाला."

"काऊन नको? तू मरून राह्यली अन् मी पाहू?"

"तुह्या तोंडानं खाल्लं तर उद्या म्हनतीन, महामायाच्या हातचं तिच्यानंच खाववलं नाही."

खालाने तिचं मनगट सोडलं नाही. मम्मीनेच एकेक बोट सोडवलं.

टेप मी नेलाच नव्हता. डोळ्यांनी दिसत होतं, आजवर इतकं कधीच नव्हतं. प्रार्थना संपली. शांतता. आणि आवाज आला, कालच्यापेक्षा मोठा, जणू वाटच बघत होता.

या वेळी मम्मी घाबरली नाही. तिने पोटावर हात ठेवला, रडणाऱ्या लेकराला ठेवतात तसा.

"आयकलं न?" ती पोरांना म्हणाली. "बोलते ते. काय बोलते, मले नाही समजत. डॉक्टरलेही नाही समजलं अजून. पंधरा दिवस मी तुमच्यासमोर घास गिळला नाही, मांगं जाऊन थुकला. खोटं केलं मी. पन ते माह्या पोटात हाय, तुमच्या खिचडीत नाही."

मग तिने घास घेतला. छोटा नाही, तिच्या पहिल्या दिवसासारखा. चावला. गळा हलला. कपाळावर घाम फुटला, ओठ पांढरे पडले. तिने दुसरा घेतला. तिसऱ्याला खाला तोंड फिरवून उभी राहिली. मम्मी ताटातला शेवटचा दाणा संपेपर्यंत खात राहिली, आणि आम्ही सगळे, नारायणरावसुद्धा, तिच्या गळ्याकडे बघत राहिलो.

"बसली मी इथंच," ती म्हणाली.

मग तो पहिलीतला म्हणाला, "काकू, दुखते का?"

"हाव. लय दुखते."

त्याने मान डोलावली, जणू हेच विचारायचं राहिलं होतं, आणि ताटात हात घातला. मग त्याच्या शेजारचा. मग ताटांचा आवाज रांगेरांगेने मागे सरकत गेला. योगिनीने फाटकाकडे पाहिलं. आजोबा खुर्चीतून उठले, खुर्ची उचलून सावलीत ठेवली आणि तिच्याकडे न बघता निघून गेले. योगिनीने मान खाली घातली आणि जेवायला लागली.

रिपोर्ट त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

पण त्या मंगळवारी मम्मी भिंतीचा आधार घेत उठली. मला वाटलं, मागे जाईल. गेली नाही. तिने बादली आणि पळी घेतली आणि "कोनाले पाहिजे?" म्हणत रांगांमधून चालू लागली, दिवस भरलेल्या बाईसारखी, मागे रेलून, एकेक पाऊल मोजत. पोट पुन्हा बोललं. कुणी वर पाहिलं नाही. वाट अरुंद होती. ती जवळ आली की पोरं, खाता खाताच, तिला वाट करून द्यायला आपापली ताटं दोन बोटांनी मागे ओढत होती.