तिसऱ्या मजल्यावरचा झरा

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सतरंज्यांवर दाटीवाटीनं माणसं बसली होती, बहुतेक साठीच्या पुढची, आणि सगळ्यांचे डोळे मधल्या लाकडी खुर्चीवर खिळले होते. खुर्चीत एक निवृत्त पोस्टमन घामाघूम होऊन बसला होता. नुकताच तो पोटरी धरून, लंगडत, तीन जिने चढून आला होता. झरेबाबांनी त्याच्या पोटरीवर एक काळा गुळगुळीत दगड ठेवला आणि डोळे मिटले.

"तुझ्या पायातला झरा आटलाय, माउली. वरून वाहत येतो आणि गुडघ्याखाली रुसून बसतो. आता त्याची समजूत काढायची. हलू नकोस. झऱ्याला घाई चालत नाही."

झऱ्याची समजूत निघायला बराच वेळ लागला. बाबा मध्येच पुटपुटत, मध्येच दगडाला कान लावत. हॉलमध्ये कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

"फुटला का झरा?"

पोस्टमननं पोटरी चाचपली. उभा राहिला. दोन फेऱ्या मारल्या. "फुटला हो बाबा! दुखणं गेलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारची बाई डोळे पुसायला लागली. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला नुसता थकवा आला होता.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पायांना रक्त कमी पोचणारी माणसं रोज माझ्याकडे येतात आणि मी त्यांना रोज तेच सांगते : चाला. पोटरी दुखायला लागेपर्यंत चाला, चांगली दुखली की थांबा, दुखणं गेलं की पुन्हा चाला. काही महिने हे नेटानं करा. ऐकून घेतात, मान हलवतात आणि विचारतात, "पण औषध काय?" माझ्याकडे दगड नाही. माझ्या कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही.

त्या दिवशी मी आले होते मामासाठी. मामानं मला लहानाचं मोठं केलं. तो छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे उलटी अक्षरं, जुळवायचा, दिवसभर उभा आणि तोंडात सिगारेट. सिगारेट सुटली, पण तोवर पायातल्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या, आणि वर साखर. माझ्या सांगण्यावरून तो बागेत चालायला लागला. हळूहळू जास्त चालू लागला होता. मग शेजाऱ्यानं त्याला झरेबाबांकडे नेलं. एका बैठकीत दुखणं गेलं म्हटल्यावर बागेत घाम गाळतंय कोण? बाबांनी वर बजावलं होतं, "चालणं म्हणजे झऱ्याची उधळपट्टी. आणि गोळ्यांनी झरा गोठतो." मामानं चालणं सोडलं, गोळ्याही सोडल्या.

सकाळी मामीचा फोन आला. "अगं, यांच्या बोटाला जखम झालीय. कडेनं काळं पडतंय. दुखत नाही म्हणतात. आणि निघालेत बाबांकडे!"

साखरेमुळे बधिर झालेल्या बोटाला काय दुखणार! मी धावत गेले. मामा हट्टाला पेटला होता. शेवटी तह झाला : आधी बाबा, तिथून थेट हॉस्पिटल.

बाबांची व्यवस्था मात्र चोख होती. रोग्यांनी खाली बाकांवर बसायचं, सोबतच्यांनी आधीच वर जायचं. घंटा वाजली की एकेकाला वर सोडायचं. उपचार झालेलेही मग हॉलमध्येच बसून राहत. लिफ्ट होती, पण तिला कुलूप. "पायानं येईल त्यालाच पाय मिळेल," असं तिच्यावर लिहिलं होतं. आणि जिन्यात बाबांचा धिप्पाड सेवेकरी मागे लागलेला, "थांबू नका, बाबा खोळंबलेत, उचला पावलं!"

पोस्टमनचं लंगडणं पाहिलं, त्याचं दगडाखाली शांत बसणं पाहिलं, आणि सगळं माझ्या लक्षात आलं. इतकं साधं होतं की स्वतःचीच लाज वाटली.

घंटा वाजली. मी हॉलबाहेर जाऊन जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. मामा वर आला तेव्हा त्याचा चेहरा पिळवटला होता.

"मामा, इथं पायरीवर बस."

"बाबा आत वाट बघतायत," सेवेकरी म्हणाला.

"माझ्या मामाला दम लागलाय. बसू दे."

मामा कण्हत बसला. मी त्याच्या पायाला हातही लावला नाही. शेजारी बसले आणि मामीच्या भांडखोर मांजराची चौकशी केली. त्यानं सांगायला सुरुवात केली. मांजरानं शेजाऱ्याचा पडदा फाडला, इथपर्यंत गोष्ट आली आणि तो मध्येच थांबला.

"पोटरी कशी आहे?" मी विचारलं.

त्यानं पोटरी दाबून पाहिली. पुन्हा पाहिली. "दुखायचं राहिलं की गं."

"दगड कुठाय?"

मामानं हॉलच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "जन्मभर उलटी अक्षरं वाचली मी. आणि हे सरळ लिहिलेलं दिसलं नाही मला."

तो उठला आणि माझ्याआधी आत गेला. बाबांनी खुर्ची दाखवली.

"ये. फार दुखतंय ना?"

"नाही दुखत. बाहेर पायरीवर बसलो, थांबलं."

हॉलमध्ये कुजबुज झाली. बाबा हसले. "पाहिलंत? आमच्या दगडाचं तेज जिन्यापर्यंत पोचतं!"

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. घरी निघून जावंसं वाटलं मला. पण मामा सतरंजीवरच्या माणसांकडे वळला.

"तुमच्यापैकी रस्त्यात चालताना कुणाची पोटरी दुखते?"

बहुतेक हात वर झाले.

"मग काय करता?"

माझ्या शेजारची, मघाशी डोळे पुसणारी बाई उठली. ती मुलांना नाच शिकवायची. "खरं सांगू? लोकांना कळू नये म्हणून मी दुकानाच्या काचेसमोर उभी राहते. चपला बघितल्यासारखं करते. जरा वेळानं दुखायचं थांबतं, मग पुढं जाते."

"मी भिंतीवरच्या जाहिराती वाचतो," कुणीतरी म्हणालं.

"मी फोन आल्याचं सोंग करते!"

लोक हसले, आणि हसता हसताच एकमेकांकडे बघू लागले. नाच शिकवणाऱ्या बाईंनी बाबांना अगदी साधेपणानं विचारलं, "चपलांच्या दुकानापर्यंतही तेज पोचतं का हो?"

बाबांनी दगड पिशवीत घातला. "अविश्वासानं झरा आटतो," म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले.

मग मी सांगितलं. चालताना पोटरीच्या स्नायूला जास्त रक्त लागतं. वाट अरुंद असली की ते पुरत नाही, म्हणून तो दुखतो. थांबलं की गरज कमी होते आणि काही मिनिटांत दुखणं आपोआप जातं. बाबा आधी तीन जिने चढवून दुखणं आणतात, मग खुर्चीत बसवून ते घालवतात. अरुंद वाट मात्र तशीच राहते. नेमानं चालत राहिलं तर स्नायू आहे त्या रक्तात जास्त काम करायला शिकतो, आजूबाजूच्या बारीक वाहिन्याही मदतीला येतात. पण पायाला जखम असेल, बोट काळं पडलं असेल, तर चालत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

काहीजण उठले. बरेचसे बसून राहिले. पोस्टमन मला म्हणाला, "तुमचं खरं असेल बाई. पण इथं बरं वाटतं."

मामाला मी तिथूनच हॉस्पिटलात नेलं. रक्तवाहिनी फुगा घालून रुंद केली, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पाय वाचला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. तो शुद्धीवर आल्यावर मामीनं त्याला एका शब्दानंही टोचलं नाही. नुसती त्याच्या पायाशी बसून राहिली. ते त्याला जास्त लागलं. जखम भरल्यावर डॉक्टरांच्या परवानगीनं तो पुन्हा चालायला लागला, आता मामीला सोबत घेऊन. दुखलं की दोघं थांबतात.

झरेबाबांचा हॉल बंद झाला नाही. गर्दी थोडी रोडावली इतकंच. रागवायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही, म्हणून एवढंच मागते. कुणाच्या हातानं तुमचं दुखणं थांबलं, तर त्याच्या पाया पडण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा : हा माणूस इथं नसता, आणि मी नुसता बसलो असतो, तर काय झालं असतं? एकदा तसं बसून बघा. त्याला ना पदवी लागते, ना धाडस. एक पायरी पुरते.