लेखणीबंदीचं जेवण

ह्यू डॅल्ग्लीश पेशाने वकील आहे, याची एडिनबरात लोकांना आठवण करून द्यावी लागे. त्याची कीर्ती वेगळीच होती. थॉर्नबँक नावाच्या पंडिताच्या मागे वर्षानुवर्षं हिंडून त्याने त्यांचं चरित्र लिहिलं आणि पंडिताबरोबर निम्म्या गावाची बडबडही छापून टाकली. रोजनिशीचं व्यसन तर त्याहून जुनं. कुणी तोंड उघडलं की याचा हात खिशातल्या कागदाकडे गेलाच म्हणून समजा. लोक त्याला पाहून गप्प बसत. तेही तो लिहून ठेवी.

त्यामुळे मुलीच्या, एफीच्या लग्नाची बोलणी करायला न्यायाधीश लॉर्ड ड्रमक्रेग जेवायला येणार असं ठरलं, तेव्हा ग्रिझेलने नवऱ्याची लेखणी, दौत आणि कागद कपाटात कोंडले.

"अहो, पोरीचा जीव जडलाय त्यांच्या मुलावर, निनियनवर. म्हातारा बिथरला तर सगळं मुसळ केरात. आज एक अक्षर लिहायचं नाही!"

"आणि ते काही अमोल बोलले तर?"

"तर जाऊ दे वाया."

लॉर्डसाहेब पालखी-खुर्चीतून आले. मेंढीच्या मुंडीचा रस्सा झाला, सामन मासा झाला, तांबडी क्लॅरेट वाइन झाली. साहेब ओट्सच्या पिकावर बोलले, आपल्या गुडघ्यांवर बोलले, लंडनच्या लोकांच्या उद्धटपणावर बोलले. इतकं रटाळ बोलणं ह्यूने कोर्टातही ऐकलं नव्हतं. न लिहिण्यातही सुख असतं, हे त्याला प्रथमच कळलं. साहेब मात्र एक वाक्य टाकत, थांबून ह्यूच्या हातांकडे बघत आणि तेच वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणत. यांना ऐकू कमी येत असावं, अशी ग्रिझेलची समजूत झाली.

एकाएकी त्यांनी पेला आपटला.

"डॅल्ग्लीश! तुमच्या पुस्तकात माझ्या मासळीवालीच्या शिव्यासुद्धा आहेत. आणि मी मघापासून बोलतोय, तर तुम्ही हाताची घडी घालून बसलात? मी काय पोपटपंची करतोय?"

"तसं नव्हे, साहेब..."

"राहू द्या! जिथे माझ्या शब्दाला किंमत नाही, तिथे माझा मुलगा द्यायचा नाही मला."

ते तरातरा निघून गेले. एफीने तोंडावर हात दाबला आणि हुंदका फुटलाच. ग्रिझेलने कपाट उघडून सगळा सरंजाम नवऱ्याच्या छातीवर आदळला.

"पळा! बघताय काय? पळा म्हणते ना!"

उतारावर साहेबांची पालखी-खुर्ची उचलून खुर्चीवाले भराभर चालत होते. त्यांच्या बाजूने वकीलसाहेब केसांच्या वाकड्या टोपाने धावत होते.

"साहेब! ओट्सबद्दल काय म्हणालात? ते राहून जाईल हो!"

खुर्चीची खिडकी उघडली. साहेबांनी ओट्सपासून गुडघ्यांपर्यंत सगळं पुन्हा सांगितलं, आणि ह्यूने धावता धावता उतरवून घेतलं. आपल्या दारात उतरताना ते म्हणाले, "येत्या रविवारी चर्चमध्ये लग्नाचा पुकारा करून टाका. आणि ओट्सचं ते वाक्य आधी घ्या."

ह्यू धापा टाकत घरी आला. एफी आईच्या गळ्यात पडली आणि हसत-रडत आत पळाली. ग्रिझेल टेबलावरची उष्टी भांडी गोळा करू लागली. जरा वेळाने तिने विचारलं,

"अहो, तुमच्या त्या सगळ्या वह्यांत माझं एखादं वाक्य आहे का?"

"आहे की!" ह्यू घाईने म्हणाला. मग त्याने आठवून पाहिलं. 'बायकोला पडसं, म्हणून बाहेर जेवलो.' 'बायको रागावली, कारण कळलं नाही.' तिच्या तोंडचं वाक्य एकही आठवेना.

"संसार केला तुमच्याबरोबर," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "लिहून ठेवावं असं एकदाही बोलले नाही का मी?"

ह्यूने झटकन कागद ओढला, लेखणी शाईत बुडवली.

"काय म्हणालीस? पुन्हा एकदा म्हण, जरा सावकाश."