पाण्याकडे तोंड करून

डेल्फाने आज ठरवूनच टाकलं होतं: एक तरी ट्राउट मासा एकटीने काठावर आणायचाच! तसं झालं तर धरणाच्या लांबच्या टोकावर तिला एकटीला जाऊ द्यायचं, असं ऑरिन आजोबांनी कबूल केलं होतं. आणि शब्द देण्यात आजोबा भलतेच कंजूष.

नोव्हेंबर संपत आला होता. खालच्या शेतांना पाणी सोडून सोडून धरण अर्धं रिकामं झालेलं, कडेचा चिखल थंडीने दगडासारखा कडक. उजाडून तास झाला तरी धुकं इतकं दाट, की सेजची झुडपं नुसत्या वासावरून ओळखायची.

"लक्षात आहे ना?" आजोबांनी विचारलं. "एक हाक म्हणजे मी ठीक आहे. दोन म्हणजे जाळं घेऊन ये. आणि दोन हाका मारायच्या त्या काठाकडे तोंड करून."

"नाहीतर काय, मासेच जाळं आणतात?"

"फार शहाणी झालीस," आजोबा म्हणाले. पण हसले नाहीत.

ते काठाकाठाने पुढे गेले. डेल्फा छातीपर्यंतच्या रबरी विजारीत कमरेइतक्या पाण्यात उतरली. गळाच्या काठीच्या कड्यांत सारखा बर्फ धरत होता. तो फोडायचा, गळ फेकायचा, परत फोडायचा. बोटं बधिर झाली. आणि एकदम हिसका! काठी अशी वाकली, की ती आता मोडणारच.

"हूऽप! हूऽप!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. नजर माशावर. म्हणजे सरळ खोल पाण्याकडे.

लगेच समोरून पाणी हललं. धुक्यातून टोपी दिसली, ओला कोट दिसला, आणि माशाखाली अलगद जाळं सरकलं.

"एवढ्यात आलात? उचला, उचला आजोबा! बाप रे, केवढा आहे!"

जाळं वर आलं. दोरे शेवाळाने बुळबुळीत. तिने मासा कवटाळला.

"हातमोजे कुठे टाकलेत? बोटं बघा कशी पांढरीफटक..."

"डेल्फाऽ! कुठायस गं? येतोय मी!"

आवाज मागून आला. काठावरून.

तिने समोर पाहिलं. कुणी नव्हतं. तिथे तर जुन्या नदीचा खड्डा होता. उभं राहायला तळच नव्हता.

ती कशीबशी काठावर आली. आजोबांच्या हातातलं जाळं कोरडं होतं.

"अरे वा! जाळ्याशिवाय? एकटीने काढलास?"

नुसतं हो म्हटलं की टोक तिचं.

"नाही. कुणीतरी जाळं धरलं."

आता टिंगल होणार, असं तिला वाटलं.

"तोंड कुठे होतं तुझं?"

"पाण्याकडे."

आजोबांनी टोपी काढली. तिच्या हातातून मासा घेतला, गुडघे टेकून उथळ पाण्यात ठेवला आणि हात मागे घेतले. मासा जिवंत होता, कल्ले हलत होते. पण पळाला नाही. मग तो सरकू लागला. शेपटीकडून, मागे मागे, कुणी हळूच ओढून न्यावा तसा, धुक्यात दिसेनासा होईपर्यंत.

"टोकावर जायचंय अजून?" आजोबांनी विचारलं.

"तुम्ही येणार असाल तर," डेल्फा म्हणाली, आणि त्यांची बाही घट्ट धरून गाडीकडे निघाली.