अमाकच्या भेटीला

"मलेशियाला कशाला जायचंय?" पासपोर्टच्या ऑफिसात टेबलापलीकडच्या साहेबांनी विचारलं.

"कामाला!" माह्युन छाती पुढं काढून म्हणाला.

त्याच्या आईनं, सक्नानं, मागून त्याची बाही ओढली. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. छातीवरच्या पट्टीवर त्यांचं नाव होतं, सुदियार्ता. बालीकडचा माणूस, सकाळच्या पूजेचे तांदळाचे दाणे अजून कपाळावर चिकटलेले.

"त्याला कळत नाही हो, पाक," साहेबांना मान देत सक्ना घाईघाईनं म्हणाली. "आमच्या गावचे सगळे बाप्ये कामालाच जातात ना तिकडं, म्हणून त्याला वाटतं..."

"मी त्याला विचारलंय, इबू. तो सत्तावीस वर्षांचा आहे. ज्याचा पासपोर्ट, त्यानंच बोलायचं." साहेब पुन्हा माह्युनकडे वळले. "काम कसलं करणार?"

"पाम तोडणार! आणि हे एवढं उचलणार!" माह्युननं दोन्ही हात डोक्यावर नेऊन ओझं केवढं ते दाखवलं.

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. माह्युनही हसला. आपण नीट उत्तर दिलं की लोक खूश होतात, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

साहेबांनी कागद गोळा करून सक्नाकडे सरकवले. "अशा पोरांना नेतात, इबू. भीक मागायला बसवतात, मळ्यात फुकट राबवतात. आणि इथं प्रत्येक वेळी कुणीतरी आई म्हणून उभी राहते. आमच्या सहीनं गेलेली माणसं पेटीतून परत येतात, तेव्हा ती उतरवून घ्यायलाही आम्हीच जातो. माफ करा."

"पेटीतून तरी येतात," सक्ना म्हणाली. पण ती स्वतःशीच बोलावं तशी बोलली, आणि तोवर साहेबांनी पुढच्या माणसाला हाक मारली होती.

इंडोनेशियातल्या लोंबोक बेटाच्या दक्षिणेकडच्या त्या गावात तिला सक्ना म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. पहिलं मूल झालं की बाईचं नाव मुलामागे जातं, तशी ती सत्तावीस वर्षं इनाक माह्युन होती, माह्युनची आई. नवरा जुमाहिर हा अमाक माह्युन, माह्युनचा बाप. मुलाची समज पाचसहा वर्षांच्या पोराएवढीच राहणार हे कळल्यावर शेजारणी म्हणाल्या, दुसरं होऊ दे, त्याच्या नावानं हाक मारू. दुसरं झालं नाही. जुमाहिर म्हणायचा, "बरंच झालं. हेच नाव मला आवडतं."

तंबाखूच्या हंगामात माय-लेक भट्टीवर जात. पानं बांबूच्या काठीला ओवून बांधायचं काम तिचं, काठ्या भट्टीपर्यंत वाहायचं त्याचं. अंगात बळ भरपूर होतं. हंगाम संपला की काम नसायचं, म्हणून जुमाहिर मलेशियाला गेला. गेला तो सबारुद्दीन दलालाच्या बोटीनं, अंधारात, कागदपत्र काही नसताना. एका वर्षानं येतो म्हणाला होता. पण कागद नसलेल्याला जाता येतं तसं परत येता येत नाही. तो फोनवर म्हणायचा, "ईदनंतर येतो रे, माह्युन." तीन ईद गेल्या. मग एक दिवस दिराचा, मावार्दीचा, फोन आला. तोही त्याच मळ्यात होता. पामचे घड भरलेला ट्रक उतारावर उलटला होता. बिनकागदाच्या माणसाचं प्रेत कोण पाठवणार? मळ्याच्या कडेच्या कबरस्तानात त्याच दिवशी संध्याकाळी दफन झालं.

सक्नानं माह्युनला समोर बसवून सांगितलं, "अमाक वारला." तो नऊ दिवस आलेल्या माणसांना चहा देत फिरला, दुवा चालू असताना सगळ्यांसारखे हात वर धरून बसला, आणि दहाव्या दिवशी संध्याकाळी नेहमीसारखा रस्त्याकडे तोंड करून माचीवर जाऊन बसला.

"कुणाची वाट बघतोस?" येणारे-जाणारे विचारत.

"अमाकची."

"अरे, वारला ना तो!"

"नाही," माह्युन हसायचा. "मलेशिया."

त्याचं काय चुकत होतं? गावातून मलेशियाला गेलेली माणसं परत येत. कुणी टीव्ही घेऊन येई, कुणी मोटरसायकलचे पैसे घेऊन. माणूस मरतो कसा, हेही त्याला ठाऊक होतं. आजोबा गेले तेव्हा त्यानं त्यांचे पाय धुतले होते, जनाज्याला खांदा दिला होता, ओंजळभर माती टाकली होती. घरी आल्यावर त्यानं स्वतःच्या हातानं आजोबांची चटई गुंडाळून माळ्यावर ठेवली आणि त्यानंतर एकदाही त्यांचं नाव काढलं नाही. अमाकचे पाय त्यानं धुतले नव्हते. मग अमाक मेला कसा?

हे सक्नाला कळायला बरीच वर्षं गेली. कळलं त्या दिवशी तिनं ठरवलं, याला तिथं न्यायचं.

साहेबांनी परत पाठवल्याचं गावात पसरायला वेळ लागला नाही. सबारुद्दीन दुसऱ्याच दिवशी अंगणात हजर झाला.

"इनाक माह्युन, ऑफिसात चपला कशाला झिजवता? मी आहे ना. आठ दिवसांत पोचवतो दोघांना."

"बोटीनं?"

"बोटीनंच. पाणी सगळीकडं सारखंच असतं."

"माझ्या नवऱ्याला तूच पोचवलंस," सक्ना काठीला पानं बांधता बांधता म्हणाली. वर पाहिलंही नाही तिनं. "आणायला मात्र आला नाहीस. माझा पोरगा पुढच्या दारानं जाईल, पुढच्याच दारानं परत येईल. जा तू."

शेजारच्या इनाक रोहानीनं तो गेल्यावर तोंड वाकडं केलं. "मेलेल्या माणसाला बघायला विमानानं? आम्ही जिवंतांना बघायला कधी गेलो नाही बाई."

"तुझे येतात ना परत. तुला काय करायचंय जाऊन?"

संध्याकाळी रोहानीनंच फणसाची भाजी वाटीभर आणून दिली.

मग शिकवणी सुरू झाली. काठ्या वाहताना, जेवताना, केस कापताना.

"मलेशियाला कशाला जायचं?"

"कामाला!"

"नाही रे राजा. अमाकला भेटायला. म्हण."

"अमाकला भेटायला." तो लगेच आनंदला. "अमाक आहे तिथं?"

"आहे," सक्ना म्हणायची. खोटं तर नव्हतं. पण प्रत्येक वेळी 'आहे' म्हटलं की मग बराच वेळ ती त्याच्याकडे बघायची नाही.

दुसऱ्यांदा गेली तेव्हा तिच्या पिशवीत गावच्या मुखियाचं पत्र होतं, डॉक्टरांचा दाखला होता, मावार्दीनं पाठवलेला मृत्यूचा कागद होता. नशिबानं तेच साहेब होते. त्यांनी ओळखलं. कागद बाजूला ठेवले आणि आधी माह्युनकडे पाहिलं.

"मलेशियाला कशाला जायचंय?"

माह्युननं आईकडे पाहिलं नाही. "अमाकला भेटायला."

"अमाक काय करतो तिथं?"

"पाम तोडतो."

"परत कधी येणार?"

"ईदनंतर!"

साहेबांनी मृत्यूचा कागद उचलला, तारीख वाचली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "इबू, सहा वर्षं झाली. तुम्ही याला सांगितलं नाहीत?"

आता सक्नाला राहवेना. "शंभरदा सांगितलं, पाक! सांगून त्याला पटत नाही. त्याला हातानं कळतं. आजोबांना त्यानं हातानं पोचवलं, तर परत वाट बघितली नाही. बापाला कुणी त्याच्या हातात दिलंच नाही. रोज संध्याकाळी रस्त्याकडे बघत बसतो हो. पाऊस असला तरी बसतो. मी आज आहे, उद्या नाही. माझ्यामागं हा कुणाकुणाची वाट बघत बसेल? एकदा माती हातात येऊ दे त्याच्या. मग परत आणते. तुम्ही म्हणाल त्या दिवशी इथं आणून उभा करते."

माह्युन टेबलावरचा शिक्का न्याहाळत होता. साहेबांनी तो उचलून त्याच्या हातात दिला, आणि एक कोरा कागद पुढं ठेवला. माह्युननं जपून, जोर लावून शिक्का उमटवला.

"आमच्यात अग्नी देतात," साहेब म्हणाले. "माझा बाप गेला तेव्हा मी जकार्ताला होतो. पोचलो तेव्हा राखसुद्धा समुद्रात गेली होती." मग कागद पुढं ओढून म्हणाले, "परतीचं तिकीट लागेल. आणि दिराचा पत्ता नीट लिहून द्या. चला, फोटो काढू."

सक्नाचा फोटो लगेच निघाला, माह्युनच्या फोटोनं घाम काढला. दिवा चमकला की माह्युन तोंड झाकायचा. नाही झाकलं तर खदाखदा हसायचा. तोंड मिटलेलं हवं, नजर समोर हवी. मशीनवरची मुलगी वैतागली. मागच्या लोकांची चुळबुळ सुरू झाली. तेव्हा सक्ना कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माह्युन, नमाजाला उभा राहा."

माह्युन एकदम स्थिर झाला. हात पोटावर बांधले, ओठ मिटले, आणि पुढच्या रांगेतल्या माणसाच्या पाठीकडे बघावं तसं सरळ समोर बघत राहिला.

सहीच्या जागी त्यानं एक वाटोळं काढलं. ते नीट जुळलं नाही, शेवटाशी थोडं उघडं राहिलं. "चालेल," साहेब म्हणाले.

पासपोर्ट हातात आला त्या दिवशी बसमध्ये सक्नानं तो उघडला आणि ती बघतच राहिली. माह्युन जन्मापासून हसतच होता. न हसता त्याचा चेहरा कसा दिसतो हे तिनं कधी नीट पाहिलंच नव्हतं. फोटोत जुमाहिर होता. तेच गालफड, तेच जड, जरासे रुसलेले ओठ. बोटीसाठी निघताना दारात उभं राहून त्यानं असंच तिच्याकडे पाहिलं होतं.

"दे," माह्युन म्हणाला. "माझा आहे."

"थांब रे जरा. बघू दे मला."

पण त्यानं तो ओढून घेतला, शर्टाच्या आत घातला, आणि त्या दिवसापासून कुणाच्या हातात दिला नाही. क्वालालंपूरच्या विमानतळावर तिथल्या अधिकाऱ्याला देतानासुद्धा त्यानं दुसरं टोक धरूनच ठेवलं होतं. अधिकारी हसला आणि तसाच शिक्का मारला.

मावार्दी त्यांना घ्यायला आला. दीर पार वाळला होता, पुढचे दात गेले होते. वाटेत तो घरच्या माणसांबद्दल विचारत राहिला, पावसाबद्दल, तंबाखूच्या भावाबद्दल. जुमाहिरबद्दल एक अक्षर नाही. मळ्यात पामच्या रांगा संपतच नव्हत्या. माह्युन खिडकीला नाक लावून बसला होता. कुणी काम करताना दिसलं की काचेवर बोटं आपटायचा. "अमाक?" मग स्वतःच मान हलवायचा. "नाही."

कबरस्तान म्हणजे कडेची छोटीशी उंचवट्याची जागा. कुंपण नाही. प्रत्येक कबरीला लाकडाच्या दोन खुंट्या, मधे गुडघाभर गवत.

"इथं," मावार्दी एका कबरीपाशी म्हणाला आणि लांब जाऊन उभा राहिला.

माह्युननं इकडेतिकडे पाहिलं. "अमाक कुठंय?"

"इथंच," सक्ना म्हणाली. ज्यासाठी एवढी धडपडली ती घटका आली होती, आणि तिला वाटत होतं, याला हाताला धरावं आणि आल्या पावली परत न्यावं.

माह्युन बराच वेळ त्या दोन खुंट्यांकडे बघत राहिला. अशा खुंट्या त्यानं आजोबांच्या वेळी रोवल्या होत्या.

"डोकं कुठल्या बाजूला?" त्यानं विचारलं.

मावार्दीनं लांबूनच हात केला. माह्युन वळसा घालून पायांच्या बाजूला गेला, मांडी घालून बसला, आणि गवत उपटू लागला. कुणी मदत करायला वाकलं तर तो हात बाजूला सारायचा. ऊन चढलं. मावार्दी पाण्याची कॅन घेऊन आला. माह्युननं ती घेतली आणि उघड्या झालेल्या मातीवर, पायांच्या जागी, थोडं थोडं पाणी सोडून तळहातानं फिरवलं. पाय धुताना फिरवतात तसा हात. मग बाजूची माती ओंजळीत घेऊन वर टाकली. एकदा, परत एकदा. तो रडला नाही. काम पुरं झाल्यावर हात झटकावेत तसे त्यानं झटकले.

सक्ना डोक्याच्या बाजूला बसून होती. दुवा म्हणायची होती, पण शब्द आठवत नव्हते. आठवत होती माचीवरची पोराची पाठ. चुलीपाशी बसून ती रोज संध्याकाळी त्या पाठीकडे बघायची आणि ओरडायची, "ये रे आत, कुणी येत नाही!" ओरडायची, आणि तांदूळ मात्र तिघांचे टाकायची. उरलेला भात सकाळी कोंबड्यांना जायचा. का उरतो, असं तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. माह्युन बाहेर बसलेला आहे तोवर रस्त्यावर कुठंतरी जुमाहिर चालत असायचा, उशीर झाला असला तरी.

"इनाक," माह्युननं हाक मारली.

ती हलली नाही.

"इनाक, अमाक येणार नाही आता." मातीनं भरलेल्या बोटानं त्यानं खाली दाखवलं. समजूत काढावी तसा बोलला तो, हळू. "इथं आहे. वारला."

हेच शब्द सहा वर्षं ती त्याला सांगत आली होती. आज कुणीतरी ते तिला सांगितले. दिराच्या फोनवर, नऊ दिवसांच्या दुव्यांत, कधी बाहेर न पडलेलं रडणं तिच्या पोटातून वर आलं, आणि तिनं कपाळ त्या ओल्या मातीवर टेकवलं. मावार्दी पाठ फिरवून उभा राहिला.

माह्युननं तिला रडू दिलं. मग उन्हं कलली, दुरून ट्रकचा भोंगा वाजला, तसा तो उठला. तिची पिशवी त्यानं खांद्यावर घेतली. वाकून तिच्या चपला सरळ केल्या, तिच्या पायांशी आणून ठेवल्या.

"चल," तो म्हणाला. "घरी."

ती कशीबशी उठली. पायांना मुंग्या आल्या होत्या, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. त्यानं तिचं मनगट धरलं आणि पामच्या रांगांमधून तो पुढं चालू लागला. ती मागं राहिली की थांबायचा, मागं वळून बघायचा, आणि ती पोचली की पुन्हा चालायला लागायचा.